केसांचे पोमेड : घटक, गुणधर्म आणि निवड

केशकर्तनालयातील आरशापुढे हारीने मांडलेल्या डब्यांतून तरुण मनुष्य आपली डबी कशी निवडतो, हे पाहण्यासारखे असते. तो झाकण उघडतो, वास घेतो, झाकणावरील चित्रातल्या माणसाचा भांग न्याहाळतो आणि किंमत विचारतो. डबीतील पदार्थ कशाचा बनलेला आहे, हा प्रश्न तो क्वचितच करतो. आणि केलाच, तर दुकानदारालाही त्याचे उत्तर ठाऊक असते असे नाही. वस्तुतः भांग सायंकाळपर्यंत टिकेल की नाही, उशीचा अभ्रा तेलकट होईल की नाही आणि महिन्याभराने कपाळावर पुरळ उठेल की नाही, या तिन्ही गोष्टी वासावर किंवा चित्रावर अवलंबून नसून त्या पदार्थाच्या घटनेवर अवलंबून असतात. ही घटना समजून घेण्यास शालेय रसायनशास्त्राचे जेमतेम ज्ञान पुरे आहे.

पोमेड हा शब्द फ्रेंच असून त्याच्या मुळाशी फळ, विशेषतः सफरचंद, या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. युरोपातील जुन्या सुगंधी मलमांत सफरचंदाचा गर घालीत असत, त्यावरून हे नाव पडले. मराठीत ‘केशलेप’ असा शब्द योजण्याचा मोह अनुवादकास झाला होता. परंतु ज्या शब्दाने वस्तू बाजारात मागता येत नाही, तो पुस्तिकेत घालून वाचकाची काही सोय होत नाही. म्हणून पोमेड हाच शब्द ठेवला आहे.

तेल, जेल आणि पोमेड यांतील भेद प्रथम ध्यानात घ्यावा. तेल केसांवर पसरते, परंतु त्यांना धरून ठेवीत नाही. जेल सुकून कडक होते. सुकल्यानंतर त्यातून फणी फिरविली की त्याचा पापुद्रा मोडतो आणि पांढरा भुसा पडतो. पोमेड मात्र सुकत नाही, किंवा अल्पसे सुकते. त्यामुळे दुपारी वाऱ्याने भांग विस्कटला तरी खिशातील फणीने तो पुन्हा बसविता येतो. पोमेडचा खरा गुण हाच होय.

केस आणि त्याचा ताठरपणा

त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असतो. केराटिन नावाच्या प्रथिनाचा तो एक धागा होय. जिवंत भाग असतो तो केवळ त्वचेखालील केशमुळात, आणि त्याला अन्न मिळते ते रक्तातून. तेव्हा डबीवर ‘केसांच्या मुळांचे पोषण करणारे’ असे छापलेले आढळल्यास वाचकांनी ते छपाईच्या शोभेपुरतेच घ्यावे. पोमेड केसांना वळण देते, चकाकी देते, फणीच्या घर्षणापासून त्यांचे थोडेफार रक्षण करते. केस उगविणे हे त्याचे काम नव्हे.

केसाची जाडी सामान्यतः ०.०५ ते ०.१ मिलिमीटर असते. हा फरक दिसावयास क्षुल्लक, पण त्याचा परिणाम मोठा आहे. कोणतीही गोल काडी वाकविण्यास लागणारा जोर तिच्या व्यासाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे एकाच्या केसाचा व्यास दुसऱ्याच्या दीडपट असेल, तर त्याचा ताठरपणा दीडपट नव्हे, सुमारे पाचपट असतो. मित्राच्या डोक्यावर उत्तम बसलेले पोमेड आपल्या डोक्यावर का बसत नाही, याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते. लांबीचा नियम याच्या उलट आहे. केसाची लांबी दुप्पट झाली, की त्याचे टोक तेवढेच वाकविण्यास आठव्या हिश्शाचा जोर पुरतो. ‘आधी केस थोडे वाढू द्या, मग मागे वळवू’ असे अनुभवी कारागीर सांगतो, त्यास यंत्रशास्त्राचा असा भक्कम आधार आहे.

आता पोमेड केसांना धरून कसे ठेवते? शेजारशेजारच्या केसांमध्ये त्याचे सूक्ष्म पूल तयार होतात आणि केस एकमेकांना चिकटून राहतात, ही एक गोष्ट. पण नुसता चिकटपणा पुरत नाही. मध चिकट आहे आणि दाटही आहे. तरी उलट्या धरलेल्या चमच्यावरून तो उशिरा का होईना, ओघळतोच. चक्क्याचे तसे नाही. तो जसा ठेवावा तसा राहतो, आणि चमच्याने दाबला तरच सरकतो. ठरावीक जोर लागेपर्यंत मुळीच न हलणे आणि तो जोर लागताच वाहू लागणे, हा गुण पोमेडमध्ये असावा लागतो. फणीचा जोर त्याहून अधिक असला पाहिजे, केसाच्या ताठरपणाचा जोर त्याहून कमी. जाड व राठ केसांना घट्ट पोमेड लागते आणि बारीक केसांना सैल चालते, ते याच कारणाने.

हा गुण येतो मेणामुळे. तेलात मेण विरघळवून निवविले, की मेणाच्या बारीक स्फटिकांची एक जाळी तयार होते आणि तेल त्या जाळीत अडकून पडते. मेणाचे प्रमाण वाढविले की जाळी बळकट होते, पण चकाकी घटते. केसांवरील तेलाचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने त्यावरून प्रकाश आरशासारखा परततो; मेणाचे कण वा मातीची पूड असल्यास तो विखुरतो. अलीकडे न चमकणाऱ्या पोमेडांची आवड वाढली आहे, त्यांत केओलिन किंवा बेंटोनाइट ही माती घातलेली असते.

अस्वलाच्या चरबीपासून खनिज तेलापर्यंत

अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडात अस्वलाच्या चरबीस मोठी मागणी होती. अस्वलाच्या अंगावर दाट केस, म्हणून त्याची चरबी लावणाऱ्याच्या डोक्यावरही तसेच केस, असा हा तर्क. अस्वले दुर्मिळ व डुकरे मुबलक असल्याने पुष्कळदा डुकराचीच चरबी त्या नावाने विकली जाई. नंतर लंडनच्या रोलंड नावाच्या केशकर्तकाचे मॅकॅसर तेल इतके लोकप्रिय झाले, की खुर्च्यांच्या पाठी डोक्याच्या तेलाने खराब होऊ लागल्या आणि त्यांवर घालावयाच्या कापडी तुकड्याला ‘अँटिमॅकॅसर’ हे नावच पडले.

चरबी व वनस्पती तेले यांचा मोठा दोष म्हणजे हवेतील प्राणवायूशी संयोग पावून ती खवट होतात. हा दोष टळला तो खनिज पदार्थांमुळे. अमेरिकेतील तरुण रसायनज्ञ रॉबर्ट चेसब्रो १८५९ साली पेन्सिल्व्हेनियातील टायटसव्हिल येथे नवी तेलविहीर पाहावयास गेला असता त्याला पंपाच्या दांड्यांवर साचणारा एक चिकट, मेणचट पदार्थ दिसला. कामगार त्याला वैतागले होते. पण भाजल्या-कापल्यावर तोच चोपडीतही होते. चेसब्रोने तो शुद्ध केला आणि १८७२ साली ‘व्हॅसलीन’ या नावाने त्याचे पेटंट घेतले. पेट्रोलियम जेली ती हीच. तिला वास नाही, ती खवट होत नाही आणि स्वस्त आहे. विसाव्या शतकातील बहुतेक घट्ट पोमेडे तिच्या पायावर उभी राहिली.

१९२८ साली बर्मिंगहॅम येथे निघालेले ब्रिलक्रीम हे खनिज तेल, पाणी आणि मधमाश्यांचे मेण यांचे पायस होते. तेलात पाण्याचे सूक्ष्म थेंब विखुरलेले. त्यामुळे ते पोमेडहून हलके व पसरावयास सोपे झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांना ‘ब्रिलक्रीम बॉइज’ असे थट्टेने म्हणत. आपल्याकडे त्याच्या जाहिरातींत मुंबईचा यष्टिरक्षक फारूख इंजिनियर झळकला, हे जुन्या क्रिकेटरसिकांना आठवत असेल.

पाण्याने धुतली जाणारी पोमेडे हा पुढचा टप्पा. यांपैकी काहींत मेणासारख्या घन, पण पाण्याशी मैत्री करणाऱ्या द्रव्यांची पारदर्शक लापशी असते. काहींत पीव्हीपी यासारखी बहुवारिके असतात. पीव्हीपीचा शोध जर्मन रसायनज्ञ वॉल्टर रेपे याने १९३० नंतरच्या दशकात लावला. पाणी उडून गेले, की त्याचा पातळ पापुद्रा केसांभोवती राहतो.

हवामानाचा प्रश्न

परदेशी पुस्तकांत पोमेडविषयी जे लिहिलेले असते त्यात हवामानाचा विचार थोडा असतो, कारण तेथे त्याची गरज थोडी. आपल्या देशात मात्र निवडीचा अर्धा प्रश्न हवामानाचाच आहे. खोबरेल तेलाचा द्रवणांक सुमारे २४ अंश सेल्सिअस. मुंबईत ते बाटलीत बहुतेक काळ पातळ. दिल्लीच्या जानेवारीत तीच बाटली उन्हात ठेवल्यावाचून थेंब देत नाही, हे महाराष्ट्रातून दिल्लीत आलेल्या प्रत्येक कुटुंबाला पहिल्या हिवाळ्यातच कळते. पोमेडचे असेच आहे. पेट्रोलियम जेली तिच्या प्रतीनुसार सुमारे ४० ते ६० अंशांच्या दरम्यान वितळते, आणि मऊ तर त्याच्या पुष्कळ आधीच पडते. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांवर वितळते. ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचे कार्नोबा मेण ८० अंशांच्याही पुढे जाते.

नागपूर, चंद्रपूर, जयपूर या ठिकाणी मे महिन्यात हवेचे तापमानच ४५ अंशांच्या आसपास पोहोचते. अशा दिवशी निव्वळ पेट्रोलियम जेलीचे पोमेड लावून बाहेर पडणाऱ्याचा भांग कपाळावर उतरतो. गेल्या उन्हाळ्यात प्रस्तुत लेखकाने सज्जाच्या सावलीत स्टीलची एक ताटली तिरपी ठेवून तिच्यावर दोन पोमेडांचे वाटाण्याएवढे गोळे लावले. ज्यात जेलीच प्रमुख होती तो गोळा तासाभरात ताटलीच्या कडेपर्यंत ओघळला; मेणाचा गोळा जागीच होता. डबी विकत घेतल्यावर वाचकांनीही हा प्रयोग करून पाहावा. मेणाच्या त्याच डबीवर हिवाळ्यात नख उमटत नाही, हेही खरे. तेव्हा ती तळहातांत चोळून पुरती मऊ केल्यावाचून केसांना लावू नये, नाहीतर केस ओढले जाऊन तुटतात.

दमट हवेचे गणित निराळे. केस हवेतील बाष्प शोषून घेतो आणि लांबतो. स्विस शास्त्रज्ञ सोस्यूर याने माणसाच्या केसाच्या याच गुणावर बेतलेल्या आर्द्रतामापकाचे वर्णन १७८३ साली प्रसिद्ध केले. केराटिनच्या साखळ्यांना आपापसात बांधणारे हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात व सुकताना नव्याने जुळतात. ओला केस विंचरून सुकविला की तो तसाच राहतो, आणि दमट वाऱ्यात बाहेर पडताच मूळ वळणावर जातो, ते या बंधांमुळे. पीव्हीपीही बाष्प शोषते; ते प्रथम चिकट होते, मग सैल पडते. म्हणून मुंबई, पणजी, कोलकाता किंवा चेन्नई येथे पावसाळ्यात पाण्याचे पोमेड दुपारपर्यंत टिकले तरी पुष्कळ झाले. तेलाच्या पोमेडवर पाण्याचा परिणाम होत नाही. भर पावसातून आल्यावरही ते जागेवर असते. परंतु घामाबरोबर तेच पोमेड कपाळावर उतरते, आणि येथून या विषयाची अप्रिय बाजू सुरू होते.

कपाळावरील पुरळ

लेखकाचा एकोणीस वर्षांचा भाचा शिक्षणासाठी दिल्लीस आमच्याकडे राहावयास आला. तीन-चार महिन्यांत त्याच्या कपाळावर व कानशिलांवर बारीक, कातडीच्याच रंगाची, दाट पुरळ उठली. घरात वडा-भज्यांवर दोष आला, मग पाण्यावर, मग जागरणांवर. त्याने दोन मलमे आणली, त्यांनी कातडी सोलवटली. मुलाखतीच्या पत्राबरोबर पाठवावयाचे छायाचित्र त्याने दोनदा काढून फाडले. अखेर त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले, तेव्हा त्या बाईंनी प्रथम विचारले ते आहाराविषयी नव्हे. “डोक्याला काय लावतोस?” असे विचारून त्यांनी त्याला डबी व फणी घेऊन पुन्हा यावयास सांगितले. डबी घट्ट तेलकट पोमेडची होती आणि फणीच्या दातांत त्याचा थर साचला होता. ते बंद केल्यावर पुरळ ओसरावयास काही आठवडे लागले, पण ओसरली.

हा प्रकार वैद्यकास नवा नाही. प्लेविग, फुल्टन व क्लिगमन या तिघांनी १९७० साली अमेरिकेत ‘पोमेड ॲक्ने’ या नावाने त्याचे वर्णन केले. दीर्घकाळ तेलकट पोमेड वापरणाऱ्या कृष्णवर्णीय पुरुषांच्या कपाळावर व कानशिलांवर, म्हणजे केसांच्या रेषेलगत, बंद तोंडाची बारीक पुरळ त्यांना आढळली. स्निग्ध द्रव्याने त्वचेतील रंध्रांची तोंडे बुजतात. येथे एक सावधगिरीची सूचना हवी. पुष्कळ लोक यावरून सगळा दोष पेट्रोलियम जेलीच्या माथी मारतात. पण त्याच क्लिगमनने १९९६ साली शुद्ध पेट्रोलियम जेलीने अशी पुरळ उठत नसल्याचे दाखविले. तेव्हा पोमेडमधील इतर तेले, मेदाम्ले व सुवास यांचे मिश्रण आणि त्याचा रोजचा थर यांकडे पाहावयास हवे. व्यवहारात नियम सोपा आहे : केसांच्या रेषेपासून बोटभर अंतर सोडून पोमेड लावावे, लावून झाल्यावर कपाळ साबणाने धुवावे आणि रात्री ते डोक्यावर ठेवून निजू नये. अभ्रे वरचेवर धुवावेत. पेट्रोलियम जेली व पॅराफिन मुरलेले कापड ठिणगी पडल्यास वेगाने पेट घेते, हे अंथरुणात विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे.

कोंड्याची गोष्ट वेगळी. टाळूवर मॅलॅसेझिया नावाचे किण्व बहुतेक सर्वांच्याच असते. ते त्वचेच्या स्निग्ध द्रव्यांवर जगते, आणि वनस्पती तेलांतील मेदाम्लेही त्यास चालतात. खनिज तेल मात्र चालत नाही. म्हणून कोंडा असणाऱ्याने ‘नैसर्गिक तेलांचे’ पोमेड टाळूला चोळणे हिताचे नाही, लेबलावरील हिरवे पान कितीही आश्वासक दिसो. केसांच्या बाबतीत मात्र नैसर्गिक तेलाची बाजू काही अंशी खरी आहे. मुंबईच्या मॅरिको कंपनीतील संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल व खनिज अशा तीन तेलांची तुलना प्रसिद्ध केली. केसांतील प्रथिनांची झीज खोबरेलानेच कमी केली, कारण त्यातील लॉरिक आम्लाचा रेणू सरळ व लहान असल्याने केसाच्या आत शिरतो. ही कंपनी खोबरेल तेलच विकते, हे वाचताना विसरू नये. तथापि रेणूच्या आकाराचा युक्तिवाद पटण्यासारखा आहे.

धुण्याची रीत

तेलाच्या पोमेडविषयी सर्वांत मोठी तक्रार ते निघत नाही ही असते, आणि ती बहुधा धुण्याच्या चुकीमुळे उद्भवते. समानधर्मी द्रव्य समानधर्मी द्रव्यात विरघळते. पाणी तेलाला दूर लोटते. म्हणून केस आधी ओले करणे म्हणजे पोमेडवर पाण्याचे चिलखत चढविणे होय. कोरड्या केसांनाच चमचाभर गोडे तेल किंवा खोबरेल चोळावे, पोमेड त्यात सैल होऊ द्यावे, मग शाम्पू कोरड्यावरच चोळून त्यानंतर पाणी घ्यावे. रिठा व शिकेकाई यांतील सॅपोनिनेही तेलाचे थेंब पाण्यात तरंगते ठेवतात. घट्ट मेणास मात्र ती पुरी पडत नाहीत. विंधन विहिरीचे पाणी जड असेल तर अंगाचा साबण डोक्यास लावू नये. त्यातील कॅल्शियमशी संयोग होऊन साबणाचा चिकट साका बनतो आणि तो पोमेडच्या थरावर आणखी एक थर चढवितो.

डबी कशी वाचावी

भारतात २०२० च्या कॉस्मेटिक्स रूल्सनुसार घटकांची यादी द्यावी लागते, आणि एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या प्रमाणाने लिहावे लागतात. म्हणून पहिली चार नावे वाचली की डबीचा स्वभाव कळतो. पेट्रोलॅटम किंवा पॅराफिनम लिक्विडम आरंभी असेल तर ते तेलाचे पोमेड. ॲक्वा, म्हणजे साधे पाणी, पहिले आणि सेटिअरेथ किंवा पीव्हीपी पाठोपाठ असेल तर पाण्याचे. सेरा अल्बा हे मधमाश्यांचे मेण. ते वा कार्नोबा जितके वर, तितकी पकड घट्ट. नमुन्याची डबी उघडी असल्यास कणभर पोमेड बोटावर चोळून नळाखाली धरावे. पाणी थेंब होऊन घरंगळले तर ते तेलाचे; बोट स्वच्छ झाले तर पाण्याचे.

लेखकाचे मत विचाराल तर, रोज डोके धुणाऱ्या, शहरात नोकरी करणाऱ्या व पुरळ येणाऱ्या तरुणाने पाण्याचे पोमेडच घ्यावे आणि दुपारी ओली फणी फिरवावी. किनारपट्टीवर उघड्यावर काम असेल, केस राठ असतील व त्वचा निरोगी असेल, तर तेलाचे, मेण अधिक असलेले. केस विरळ होऊ लागलेल्या माणसाने चकाकणारे घट्ट पोमेड टाळावे. त्याने केसांच्या बटा एकत्र चिकटतात आणि मधली टाळू अधिकच उघडी पडते. मातीची पूड असलेले, न चमकणारे पोमेड त्यास बरे. प्रमाण सर्वांस एकच : प्रथम वाटाण्याएवढे घ्यावे, मागून पुढे लावीत यावे, आणि कमी पडले तरच पुन्हा बोट डबीत घालावे.